घर्षणविद्युत: पाठ्यपुस्तकातील एक विधान आणि त्यामागील अनुत्तरित प्रश्न

प्रस्तावना

कोरड्या केसांवरून फिरविलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा विद्युतशास्त्रातील बहुधा सर्वांत परिचित प्रयोग होय. प्राथमिक शाळेपासून पदवी अभ्यासक्रमापर्यंत तो विद्यार्थ्याची सोबत करतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे स्पष्टीकरण जवळजवळ एकाच वाक्यात दिले जाते. दोन पदार्थ परस्परांवर घासले असता एका पदार्थातील इलेक्ट्रॉन दुसऱ्या पदार्थात जातात; ज्याने इलेक्ट्रॉन गमावले तो धनप्रभारित आणि ज्याने मिळविले तो ऋणप्रभारित होतो. इलेक्ट्रॉन कोणी गमवायचे हे त्या त्या पदार्थाच्या स्वभावावर अवलंबून असते, असे पुढे सांगितले जाते. काच व रेशीम, एबोनाइट व लोकर ही उदाहरणे दिली की विषय कूलोमच्या नियमाकडे वळतो आणि मूळ प्रश्न मागे पडतो.

या एका वाक्यात वस्तुतः तीन स्वतंत्र विधाने दडलेली आहेत. प्रभार घर्षणामुळे येतो, देवघेव होते ती इलेक्ट्रॉनांची, आणि तिची दिशा पदार्थाच्या गुणधर्माने ठरते, ही ती तीन विधाने. यांपैकी पहिले अपुरे आहे. दुसरे धातूंच्या बाबतीत खरे आहे, परंतु ज्या विद्युतरोधक पदार्थांच्या संदर्भात ते वर्गात सांगितले जाते त्यांच्याच बाबतीत ते वादग्रस्त आहे. तिसऱ्या विधानाला तर अगदी अलीकडच्या प्रयोगांनी मुळापासून धक्का दिला आहे. अडीच हजार वर्षांपासून ज्ञात असलेल्या आणि कोणत्याही वर्गात दोन मिनिटांत दाखविता येणाऱ्या घटनेचे कारण आजही पूर्णपणे उलगडलेले नाही, ही वस्तुस्थिती विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते. प्रस्तुत लेखात या तीन विधानांचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

पूर्वेतिहास

अश्मीभूत राळेचा खडा घासला असता तो गवताच्या काड्या ओढून घेतो, हे निरीक्षण अनेक संस्कृतींत स्वतंत्रपणे नोंदले गेलेले दिसते. संस्कृतात या खड्याला 'तृणमणी' असे नाव आहे. फारसीतील 'काहरुबा' या शब्दाचा अर्थही काडी हिरावून नेणारा असाच होतो. ग्रीक भाषेत त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत, आणि पुढे हाच शब्द प्रथम विद्युतशास्त्राला व नंतर एका मूलकणाला मिळाला. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील थेल्स या तत्त्वज्ञाकडे या शोधाचे श्रेय दिले जाते. त्याचे स्वतःचे लेखन मात्र उपलब्ध नाही. ते श्रेय उत्तरकालीन ग्रंथकारांच्या उल्लेखांवर आधारलेले आहे.

इ.स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट याने चुंबकाचे आकर्षण व तृणमण्याचे आकर्षण या दोन भिन्न गोष्टी असल्याचे दाखविले आणि काच, गंधक यांसारख्या इतर अनेक पदार्थांतही हा गुण असल्याचे नोंदविले. १७३३ मध्ये शार्ल द्यु फे याने प्रभार दोन प्रकारचे असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर बेंजामिन फ्रँकलिनने एकाच विद्युतप्रवाहीची कल्पना मांडली: प्रवाही अधिक झाले की धन, कमी झाले की ऋण. घासलेल्या काचेत प्रवाही अधिक होते असे त्याने गृहीत धरले आणि तोच संकेत रूढ झाला. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा या संकेतानुसार त्याच्या वाट्याला ऋण चिन्ह आले. विद्युतधारेची दिशा आणि इलेक्ट्रॉनांची दिशा परस्परविरुद्ध का, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे मूळ फ्रँकलिनच्या या निवडीत आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एका पदार्थातून दुसऱ्यात 'काहीतरी' जाते या वाक्याची रचना इलेक्ट्रॉनच्या शोधापूर्वी दीडशे वर्षे तयार होती. फ्रँकलिनच्या प्रवाहीची जागा इलेक्ट्रॉनने घेतली, एवढाच बदल झाला. ही अदलाबदल इतकी सहज झाली की ती विद्युतरोधकांच्या बाबतीतही प्रयोगाने सिद्ध करावी लागेल, याची निकड फारशी कोणाला वाटली नाही.

निश्चितपणे सिद्ध झालेली गोष्ट वेगळी आहे, आणि ती म्हणजे प्रभाराची अक्षय्यता. मायकेल फॅराडेने १८४३ मध्ये धातूच्या बादलीच्या साहाय्याने केलेल्या प्रसिद्ध प्रयोगांतून प्रभार नवा निर्माण होत नाही, त्याचे केवळ विलगीकरण होते, ही कल्पना दृढ झाली. घासणाऱ्या व घासल्या जाणाऱ्या वस्तूंवरील प्रभार समान आणि विरुद्ध असतात. याबाबत आज कोणताही वाद नाही. वाद आहे तो प्रभाराच्या वाहकाविषयी.

घर्षण की स्पर्श?

चिकटपट्टीच्या गुंडाळीतून एक तुकडा सर्रकन ओढून काढला आणि हाताजवळ आणला तर तो हाताकडे झेपावतो. येथे घासण्याची क्रिया झालेली नाही. दोन पृष्ठभाग केवळ परस्परांना टेकलेले होते आणि ते विलग झाले. अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने २००८ मध्ये निर्वात पोकळीत चिकटपट्टी सोलली असता तिच्यातून क्ष-किरण बाहेर पडतात असे दाखविले आणि त्या किरणांच्या साहाय्याने बोटाच्या हाडांचे छायाचित्रही घेतले. सोलण्याच्या साध्या क्रियेत इतकी ऊर्जा एकवटू शकते, यावर अनेकांचा विश्वास बसला नव्हता.

म्हणून या घटनेला 'स्पर्शविद्युतीकरण' म्हणणे अधिक योग्य ठरते. मग घासल्याने प्रभार वाढतो तो का? याचे उत्तर पृष्ठभागांच्या खडबडीतपणात आहे. डोळ्यांना सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी ते सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतात. खऱ्या अर्थाने स्पर्श झालेले क्षेत्रफळ दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अल्पसा अंश असते. घासण्याच्या क्रियेत नवनवे उंचवटे परस्परांच्या संपर्कात येतात व स्पर्शाचे एकूण क्षेत्रफळ वाढत जाते. तथापि घर्षणाची भूमिका येथेच संपते असे म्हणणेही घाईचे होईल. घासताना पृष्ठभाग तापतो, झिजतो, त्यावरील रेणुशृंखला तुटतात आणि उंचवटे वाकतात. वाकलेल्या पदार्थात ताणाच्या असमानतेमुळे विद्युतध्रुवण होते. हाच परिणाम घर्षणविद्युतीच्या मुळाशी असावा, असे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये सुचविले आहे.

ऊर्जा कोठून येते, हा या संदर्भातील दुसरा प्रश्न पाठ्यपुस्तकांत बहुधा विचारलाच जात नाही. समजा, दोन मोठ्या सपाट पृष्ठभागांवर दर चौरस मीटरला १० मायक्रोकूलोम इतका परस्परविरुद्ध प्रभार आहे. ते १ नॅनोमीटर अंतरावर असताना त्यांच्यातील विभवांतर जेमतेम १ मिलिव्होल्ट असते. तेच पृष्ठभाग १ सेंटिमीटर दूर नेले की विभवांतर सुमारे ११,००० व्होल्ट होते. प्रभार तितकाच राहिला. वाढले ते अंतर, आणि आकर्षणाविरुद्ध ते वाढविण्याचे कार्य हाताने केले. स्वेटर अंगातून काढताना ऐकू येणारी चटचट ही अशा रीतीने स्नायूंनी केलेल्या कार्याचे रूपांतर होय. स्पर्शाने प्रभार वेगळा होतो. हजारो व्होल्टचे विभवांतर मात्र विलगीकरणाने येते. हा भेद विद्यार्थ्यांना सांगितला गेला तर धारित्राचा पुढील पाठ त्यांना पुष्कळ सोपा वाटेल.

देवघेव कशाची?

धातूंच्या बाबतीत चित्र पुरेसे स्पष्ट आहे. धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी किमान ऊर्जा, म्हणजे वर्क फंक्शन, प्रत्येक धातूसाठी वेगळी असते. दोन धातू टेकले की ज्याचे वर्क फंक्शन कमी आहे त्यातून इलेक्ट्रॉन दुसऱ्यात जातात आणि दोहोंत काही दशांश व्होल्टचा विभवभेद निर्माण होऊन प्रवाह थांबतो. धातू विलग करताना यांतील बहुतेक इलेक्ट्रॉन परत जातात. अंतर साधारण १ नॅनोमीटर होईपर्यंत ही परतीची वाट खुली असते. त्यानंतर उरलेला प्रभार मोजता येतो. हार्पर यांनी १९५१ मध्ये धातूच्या गोलांवर केलेल्या मापनांचे निष्कर्ष या सिद्धान्ताशी जुळले. वर्गात धातू घासून प्रभारित करता येत नाहीत असे जे सांगितले जाते, ते काटेकोर नाही. ते प्रभारित होतात, परंतु विद्युतरोधक मूठ नसेल तर प्रभार हातातून तत्काळ जमिनीत जातो.

विद्युतरोधकांकडे वळले की अडचण सुरू होते. काच, टेफ्लॉन किंवा पॉलिथिन यांमध्ये इलेक्ट्रॉन अणू-रेणूंशी घट्ट बांधलेले असतात. त्यांना मोकळे करण्यासाठी कित्येक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, तर कक्षतापमानाला उपलब्ध असलेली औष्णिक ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या चाळिसाव्या भागाइतकी असते. ज्या पदार्थांतून इलेक्ट्रॉन हलत नाहीत म्हणून त्यांना विद्युतरोधक म्हणायचे, त्याच पदार्थांतून नुसत्या स्पर्शाने इलेक्ट्रॉन निघून जातात असे म्हणायचे, यातील विसंगती चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात येते. तिचे उत्तर म्हणून पृष्ठभागावरील दोष, अशुद्धी आणि तुटलेले बंध यांच्याशी निगडित अशा खास ऊर्जापातळ्या गृहीत धरल्या जातात. कल्पना सुसंगत आहे. मात्र या पातळ्या प्रत्यक्ष मोजणे अतिशय कठीण आहे.

इलेक्ट्रॉन-पक्षाला २००८ मध्ये मोठे बळ मिळाले. लिऊ व बार्ड यांनी ॲक्रिलिक प्लॅस्टिकवर घासलेले टेफ्लॉन धातूंच्या क्षारांच्या द्रावणात बुडविले असता त्यावर धातूचे निक्षेपण होते असे नोंदविले आणि टेफ्लॉनवर इलेक्ट्रॉनच आले असल्याचा निष्कर्ष काढला. परंतु थोड्याच वर्षांत दुसऱ्या संशोधकांनी या निष्कर्षाला आव्हान दिले. निक्षेपण प्रभारामुळे नसून घासताना बहुवारिकांच्या शृंखला तुटून निर्माण झालेल्या मुक्त मूलकांमुळे होत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये चीन-अमेरिकेतील झोंग लिन वांग यांच्या गटाने उच्च तापमानाला प्रभार कसा घटतो याचे मापन केले. तापलेल्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या ज्ञात नियमाशी ते जुळल्याने इलेक्ट्रॉन-पक्ष पुन्हा सबळ झाला.

दुसरा पक्ष आयनांचा. हवेतील बाष्पामुळे बहुतेक पृष्ठभागांवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतोच. या थरातील हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांपैकी एक प्रकार एका पृष्ठभागावर व दुसरा दुसऱ्यावर राहिला तर प्रभाराचे विलगीकरण होईल. ज्या बहुवारिकांत एका चिन्हाचे आयन शृंखलेशी जखडलेले आणि विरुद्ध चिन्हाचे मोकळे असतात, त्यांच्या प्रभाराचे चिन्ह या कल्पनेनुसार अचूक सांगता येते, हे मॅकार्टी व व्हाइटसाइड्स यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. परंतु पाण्याचा अंश नसलेल्या तेलात केलेल्या प्रयोगांतही विद्युतीकरण होते असे २०११ मध्ये आढळले. म्हणजे पाणी सहभागी होऊ शकते, पण ते अनिवार्य नाही.

तिसरा पक्ष असे मानतो की, द्रव्याचेच सूक्ष्म कण एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जातात व जाताना प्रभार घेऊन जातात. याच संदर्भात ग्रझिबोव्स्की यांच्या गटाचा २०११ मधील प्रयोग महत्त्वाचा ठरला. प्रभारित पृष्ठभागाचे नॅनोमीटर स्तरावर चित्रण केले असता तो सलग धन किंवा सलग ऋण नसून दोन्ही चिन्हांच्या ठिगळांनी शिवलेल्या गोधडीसारखा असल्याचे दिसले. विद्युतदर्शीला जाणवतो तो या ठिगळांची वजाबाकी होऊन उरलेला अल्पसा शेष. पूर्ण पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनांचा एकदिश ओघ वाहतो, हे फळ्यावरचे चित्र या गोधडीशी जुळत नाही. त्याच गटाने २०१३ मध्ये बहुवारिकात ई जीवनसत्त्वासारखी मुक्त मूलके नष्ट करणारी द्रव्ये मिसळली, तेव्हा पृष्ठभागावरील प्रभार लवकर नाहीसा होतो असे आढळले. प्रभार निर्माण होण्याबरोबरच तो टिकून राहणे ही देखील एक स्वतंत्र रासायनिक घटना आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

या तीन पक्षांपैकी एकच खरा असावा, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. पदार्थांची जोडी, पृष्ठभागाची अवस्था आणि सभोवतालची हवा यांनुसार तिन्ही प्रक्रिया कमी-अधिक प्रमाणात चालत असण्याचीच शक्यता अधिक दिसते.

साठ हजारांत एक

इतक्या साध्या घटनेचा उलगडा इतका अवघड का ठरावा, याचे कारण एका हिशेबातून लक्षात येते. हवेत विद्युतक्षेत्र दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट झाले की हवेचे विद्युतरोधन कोलमडते आणि ठिणगी उडते. त्यावरून सपाट पृष्ठभागावर टिकू शकणाऱ्या प्रभाराची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला २६ मायक्रोकूलोमच्या आसपास येते. हा प्रभार म्हणजे साधारण १६० लाख कोटी इलेक्ट्रॉन. संख्या प्रचंड वाटते. परंतु तेवढ्याच पृष्ठभागावर अणूंची संख्या एकावर एकोणीस शून्ये इतकी असते. म्हणजे हवेत शक्य तितका जास्तीत जास्त प्रभारित झालेल्या पृष्ठभागावरही सुमारे साठ हजार अणूंमागे एकाच अणूने प्रभाराची देवघेव केलेली असते.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ९९.९९ टक्के शुद्धता उत्तम समजली जाते. अशा पृष्ठभागावरही दहा हजारांत एक अणू परका असतो, म्हणजे प्रभारित अणूंपेक्षा परके अणू सहापट ठरतात. बोटाचा अस्पष्ट ठसा, हवेतून बसलेला सेंद्रिय थर किंवा साच्यातून आलेला स्निग्ध अंश यांपैकी काहीही निकाल बदलण्यास पुरेसे आहे. दोन प्रयोगशाळांना एकाच जोडीसाठी वेगवेगळी उत्तरे मिळतात, यात प्रयोगकर्त्यांचा हलगर्जीपणा शोधण्यापेक्षा या प्रमाणाकडे पाहणे योग्य होईल.

श्रेणी आणि तिची विश्वासार्हता

कोणता पदार्थ धन व कोणता ऋण होईल हे सांगणारी पहिली घर्षणविद्युत-श्रेणी योहान विल्के याने १७५७ मध्ये प्रसिद्ध केली. श्रेणीत वर असलेला पदार्थ खालच्या पदार्थाशी घासला असता धन होतो, असा तिचा नियम. काच, नायलॉन, लोकर वरच्या बाजूस आणि पॉलिथिन, टेफ्लॉन खालच्या बाजूस, ही मांडणी आजही पुस्तकांत आढळते. परंतु विल्केच्या आधी काही वर्षे जॉन कँटन याने गुळगुळीत काच आणि खरवडलेली काच यांवर विरुद्ध चिन्हांचे प्रभार येऊ शकतात हे दाखविले होते. पदार्थ एकच, रसायन एकच. फरक केवळ पृष्ठभागाच्या पोताचा. पुढे रेशीम, काच व जस्त यांसारख्या त्रयींमध्ये श्रेणी सरळ न राहता वर्तुळाकार होते, अशाही नोंदी झाल्या. पहिला दुसऱ्याच्या वर, दुसरा तिसऱ्याच्या वर आणि तिसरा पुन्हा पहिल्याच्या वर! एकाच गुणधर्मावर आधारलेल्या क्रमवारीत असे घडणे तर्कतः अशक्य आहे. तेव्हा या श्रेणीमागे एकापेक्षा अधिक कारणे असली पाहिजेत, हे उघड आहे.

मापने प्रमाणित केल्यास श्रेणी अधिक भरवशाची होते, हे मान्य केले पाहिजे. २०१९ मध्ये पन्नासहून अधिक बहुवारिकांना कोरड्या, नियंत्रित वातावरणात पाऱ्याचा स्पर्श घडवून त्यांच्यावरील प्रभाराचे संख्यात्मक कोष्टक तयार करण्यात आले. पारा द्रवरूप असल्याने पृष्ठभागाला पूर्णपणे टेकतो, ही त्यामागील कल्पकता. परंतु असे कोष्टक पाऱ्याशी होणाऱ्या स्पर्शाचे असते. दोन घन पदार्थ परस्परांना टेकल्यावर काय होईल, हे त्यातून सरळ निघत नाही.

सर्वांत कठीण पेच आहे तो एकाच पदार्थाच्या दोन तुकड्यांचा. श्रेणीच्या नियमानुसार त्यांच्यात प्रभाराची देवघेव होण्याचे कारणच नाही. पण ती होते. वाळूची वादळे आणि ज्वालामुखीची राख ही तिची निसर्गातील ठळक उदाहरणे. १९६३ मध्ये आइसलंडजवळ सर्टसी बेट उदयाला आले तेव्हा राखेच्या ढगांत विजा चमकताना दिसल्या होत्या. एकाच पदार्थाच्या लहान-मोठ्या कणांच्या मिश्रणात बहुधा मोठे कण धन आणि लहान कण ऋण होतात. पृष्ठभागावर अडकून पडलेले इलेक्ट्रॉन हे याचे कारण असावे, असे पूर्वी मानले जाई. २०१४ मध्ये शिकागो येथील संशोधकांनी अशा इलेक्ट्रॉनांची संख्या प्रत्यक्ष मोजली, तेव्हा ती आवश्यकतेपेक्षा कितीतरी पटींनी कमी निघाली.

२०२५ मध्ये ऑस्ट्रियातील सोबार्सो व वायटुकायटिस यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. सिलिकोन रबराच्या एकाच प्रकारापासून बनविलेले, सर्व बाबतीत समान असे तुकडे जोडीजोडीने परस्परांना टेकवून त्यांवरील प्रभार मोजण्यात आले. आरंभी निकालांत कोणताही क्रम नव्हता. मात्र तेच तुकडे पुन्हा पुन्हा वापरत गेल्यावर त्यांची आपोआप एक नीटस श्रेणी तयार झाली. अधिक तपासात असे दिसले की, सुमारे दोनशे वेळा टेकविलेला तुकडा कमी वापरलेल्या तुकड्याशी टेकविला असता सातत्याने ऋण होतो. पृष्ठभागात आढळलेला बदल एकच: वारंवार स्पर्शाने त्याचा नॅनोमीटर स्तरावरील खडबडीतपणा थोडा कमी झाला होता. श्रेणीतील स्थान अशा रीतीने पदार्थाबरोबर त्याच्या पूर्वायुष्यानेही ठरते, आणि वर्गातला जुना कंगवा व नवा कंगवा या अर्थाने एक नव्हेत.

आर्द्रता

पाण्याचा सूक्ष्म थर प्रभाराला पृष्ठभागावरून निसटण्यास वाट करून देतो. सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर गेली की वर्गातील बहुतेक प्रयोग फसतात. महाराष्ट्रात शैक्षणिक वर्षाचा आरंभ पावसाळ्याने आणि विद्युतशास्त्राचा आरंभ बहुधा स्थितिक विद्युतेने होतो, हा योग कोकणातील अध्यापकांना चांगलाच परिचित असेल. डिसेंबर-जानेवारीत विदर्भ-मराठवाड्यात तोच प्रयोग न सांगता यशस्वी होतो. हवा दमट असेल तेव्हा केस वाळविण्याच्या यंत्राने कांडी व कापड दोन्ही गरम करून घेतल्यास काही मिनिटे पुरतात.

वस्त्रोद्योगात याच गोष्टीचा व्यावसायिक उपयोग होतो. सूतगिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवली जाते ती एक तर धागा तुटू नये म्हणून आणि दुसरे, तंतूंवर प्रभार साचून ते परस्परांपासून फाकू नयेत किंवा रुळांना चिकटू नयेत म्हणून. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्का. पॉलिएस्टरच्या तंतूंवर प्रभाररोधक तेलाचा हात फिरवावा लागतो, तो या फरकामुळे.

व्यवहारातील परिणाम

मानवी शरीराची धारिता १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. कोरड्या हवेत कृत्रिम गालिच्यावरून चालताना शरीराचे विभव १०,००० व्होल्टपर्यंत चढले, तर साठलेली ऊर्जा ५ मिलिज्यूल होते. ही ऊर्जा अत्यल्प भासते. परंतु पेट्रोलची वाफ व हवा यांच्या मिश्रणास पेट घेण्यासाठी सुमारे ०.२ मिलिज्यूल, तर हायड्रोजनच्या मिश्रणास ०.०२ मिलिज्यूल एवढीच ऊर्जा पुरते. सुमारे ३,००० व्होल्टखालील ठिणगी माणसाला सहसा जाणवतही नाही; तरीही तिची ऊर्जा पेट्रोलची वाफ पेटविण्याइतकी असू शकते. नळातून वेगाने वाहणारे पेट्रोलही नळाच्या स्पर्शाने प्रभारित होते. म्हणूनच टँकर रिकामा करण्यापूर्वी त्याला भूसंपर्काची तार जोडतात. टँकरखाली लोंबणारी साखळीही याच हेतूने लावलेली असते. इलेक्ट्रॉनिक घटकांचे प्रकरण तर याहून नाजूक आहे. काही घटक शंभर व्होल्टखालीही निकामी होतात, म्हणून ते हाताळणाऱ्याच्या मनगटाला भूसंपर्काची पट्टी बांधतात.

भूसंपर्काचा उपाय प्रभाराचे कारण ठाऊक नसतानाही लागू पडतो, हे अभियंत्यांचे सुदैव. तो वाहकांपुरता मर्यादित आहे, हे दुर्दैव. प्लॅस्टिकची पिशवी किंवा नळातून वाहणारी औषधाची भुकटी यांना तार जोडून उपयोग नसतो. औषधनिर्मितीत एकाच भुकटीचे लहान-मोठे कण विरुद्ध प्रभारित होऊन परस्परांना किंवा भांड्याला चिकटतात आणि मात्रेचा अचूकपणा बिघडतो.

जेथे भरवशाचा प्रभार हवा असतो तेथे तंत्रज्ञांनी शक्यतो घर्षणावर विसंबण्याचे टाळले आहे, हे सूचक म्हणावे लागेल. चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत धुराड्यावाटे जाणारी राख अडविणारी स्थितिक-विद्युत संयंत्रे राखेच्या कणांना उच्च विभवाच्या तारांभोवतीच्या आयनांनी प्रभारित करतात. छायाप्रत यंत्राचा इतिहासही असाच आहे. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिली छायाप्रत काढली ती गंधकाचा लेप दिलेली जस्ताची पट्टी कापडाने घासून. पुढे यंत्रांत पट्टी प्रभारित करण्याचे काम उच्च विभवाच्या तारेकडे गेले. शाईची भुकटी मात्र आजही मुख्यतः कणांच्या परस्परस्पर्शानेच प्रभारित केली जाते. तिचे मिश्रण कसे असावे, याचे ज्ञान बव्हंशी अनुभवातून आले आहे.

वर्गातील एक प्रयोग

अध्यापनाच्या दृष्टीने कंगव्याऐवजी चिकटपट्टी अधिक बोलकी ठरते. एकाच गुंडाळीचे दोन तुकडे टेबलावर शेजारी शेजारी चिकटवून झटकन उपटले तर ते परस्परांना दूर लोटतात. तेच तुकडे एकावर एक चिकटवून, हात फिरवून निष्प्रभारित केल्यावर विलग केले तर परस्परांकडे ओढले जातात. घर्षण नाही, पदार्थ एकाच गुंडाळीतले, तरीही दोन्ही चिन्हांचे प्रभार हाती येतात. आता कोणता तुकडा धन आणि कोणता ऋण, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. गोंदाची बाजू की पाठीची बाजू यावरून श्रेणी पाहून उत्तर देण्याचा मोह होईल, पण वेगवेगळ्या बनावटीच्या पट्ट्यांत गोंद व पाठीवरील लेप वेगळे असल्याने उत्तर बदलू शकते. रेशमावर घासलेली गुळगुळीत काचेची कांडी संकेतानुसार धन मानून ती दोन्ही तुकड्यांजवळ आळीपाळीने न्यावी आणि कांडी ज्या तुकड्याला दूर लोटते तो धन असे नोंदवावे. आकर्षण निष्प्रभारित तुकड्यालाही होऊ शकते, त्यामुळे निर्णय प्रतिकर्षणावरूनच घ्यावा लागतो.